आधी उलटा हात

मी एक जुना, जाड फळीचा बाक आहे. शाळेतला नव्हे, बागेतला तर मुळीच नव्हे. माझ्यावर कुणी बसत नाही, माझ्यावर माणसं पालथी पडतात. माझ्या एका टोकाला मोठं भोक आहे. त्यात तोंड घालून ती जमिनीकडे बघत राहतात आणि थोड्या वेळाने घोरायला लागतात. मी मालिशचा बाक आहे, मित्रांनो. चौतीस वर्षं एकाच खोलीत उभा आहे. आयुष्यात फक्त एकदा मी त्या खोलीच्या बाहेर गेलो, आणि ज्या दिवशी गेलो तो दिवस मला अजून नीट सांगता येत नाही. तरी सांगतो. सांगायलाच हवं.

माझा जन्म एका धरलेल्या पाठीमुळे झाला. एक सुतार जड दार उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. दोघांनी त्याला तसाच उचलून शिंप्याच्या दुकानामागच्या एका लहानशा खोलीत आणलं. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधतोय. त्या खोलीत एक तरुण मालिशवाला काम करत असे. खोलीला एक खिडकी होती, एक शेगडी होती, झाकणाचे दोन डबे होते आणि जमिनीवर एक चटई होती. एवढाच संसार. पुढे सगळे त्या तरुणाला मालिशकाका म्हणू लागले, तेव्हा मीही तेच म्हणतो.

काकांनी तीन दिवस त्या पाठीची मनधरणी केली. पहिल्या दिवशी नुसता शेक दिला. दुसऱ्या दिवशी कण्याच्या दोन्ही बाजूंनी हलका हात फिरवला. तिसऱ्या दिवशी अंगठ्याने एकेक गाठ शोधून काढली, आणि सुतार सरळ झाला. पण जमिनीवरून उठायला गेला तर गुडघे हलेनात.

"पाठ सोडवलीस रे," तो चटईवरून ओरडला, "पण आता मला उठवणार कोण? तुझा बाप?"

"थांब, हात देतो."

"हात नको. मी तुला बाक देतो. असा रोज जमिनीवर उकिडवा बसत राहिलास तर उद्या तुलाच कुणीतरी उचलून आणेल."

दुसऱ्या दिवशी तो मापाची पट्टी घेऊन आला. काकांना म्हणाला, "सरळ उभा राहा. हात सैल सोड. आता मूठ वळ." जमिनीपासून काकांच्या मुठीपर्यंत जेवढी उंची भरली, तेवढी माझी उंची. म्हणून मी काकांना कधी उंच झालो नाही की ठेंगणा झालो नाही. भोकाचं माप मात्र त्याने स्वतःच्याच तोंडावरून घेतलं, कारण त्याच्या कारखान्यात त्या वेळी दुसरं तोंडच नव्हतं. आता त्या सुताराचा चेहरा होता घोड्यासारखा लांब, नाक तर विचारूच नका. त्यामुळे माझं भोक जे झालं ते झालं. बाकी सगळ्या जगाचे चेहरे त्यात कानापर्यंत बुडत. पण कुणी कधी तक्रार केली नाही. काकांच्या हाताखाली पडल्यावर कान चेपतोय हे सांगायचं भान कुणाला राहणार?

काकांच्या कामाची एक रीत होती. उलटा हात म्हटलं की तुम्हाला चापट आठवेल, पण काकांचा उलटा हात वेगळा. माणूस माझ्यावर पडला की तेल लावण्याआधी, एक शब्द बोलण्याआधी, ते हाताची मागची बाजू त्याच्या अंगावर टेकवत. आधी डाव्या बाजूला, मग उजव्या. पाठीला, पोटऱ्यांना, तळपायांना. "तळहात काम करून निबर होतो," ते म्हणत. "मागची बाजू अजून लहान मुलासारखी असते. तिला खोटं बोलता येत नाही." दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कुठे जास्त गरम लागतंय का, कुठे सूज आहे का, हे सगळं त्या उलट्या हाताने विचारून झालं, की मग सुलटा हात. काकांची आई लहान बाळांना न्हाऊमाखू घालायची. तिचीच दोन ओळींची ओवी ते हात टेकवताना गुणगुणत असत :

उलट्या हाताने पुसते, कुठं दुखं तुझ्या जिवा,
सुलट्या हाताने लाविते, दुखऱ्या जागी एक दिवा.

आणि कधीकधी तो उलटा हात सांगे, आज नाही. मग काका लगेच मागे सरत. "अंगात ताप आहे तुमच्या. मालिशने ताप उतरत नाही, घरी जाऊन पडा." किंवा, "हा घोटा कालच मुरगळलाय ना? मग आज मी नाही, आज डॉक्टर." लोक रुसत. चालून चालून आलेलं माणूस परत जाताना पायरीवर पाय आपटून जाई. काका हसत आणि माझ्यावरचा पंचा झटकत.

मित्रांनो, मी किती तऱ्हेचे हात बघितले म्हणता! हात तेच, काकांचेच, पण माणूस बदललं की हात बदले. शिंप्याची वहिनी दिवसभर मान वाकवून शिवायची. तिच्या खांद्यांचं लाकूड झालेलं असे, माझ्याहून कडक. ते काका पीठ मळावं तसे मळून काढत, उचलून, दाबून, सोडून. तिला म्हणत, "डोकं दुखतं ते डोक्यामुळे नाही वहिनी, ह्या खांद्यांमुळे. दर तासाला उठून हात वर करा, नाहीतर मी काय जन्मभर पुरणार आहे?" शर्यतीत पळणारी एक मुलगी यायची. पळायच्या आधी तिच्या पायांवर हाताच्या कडांनी भरभर थापट्या, पाऊस पत्र्यावर पडावा तशा, म्हणजे पाय जागे व्हावेत. पळून आल्यावर मात्र लांब आणि संथ हात, घोट्याकडून वर, नेहमी छातीच्या दिशेने. एका आजींच्या बोटांचे सांधे सकाळी उघडत नसत. कोमट तेलात एकेक बोट धरून काका ते असे फिरवत, जणू जुन्या घड्याळाला किल्ली देतायत.

आणि एक टपालवाले होते. बायको गेल्यापासून त्यांना झोप नव्हती. काका त्यांच्या पाठीला फारसा हातच लावत नसत. उताणं झोपवून फक्त कपाळ आणि डोकं, बोटांच्या टोकांनी, मग तळपायाची खोबण, अंगठ्याने. तिसऱ्या आठवड्यात ते माझ्यावर असे झोपले की दुपारची दोन माणसं दारात ताटकळली. काकांनी तोंडावर बोट ठेवून दोघांना परत पाठवलं.

गाठीवर अंगठा ठेवायचा प्रकार सगळ्यांत जोखमीचा. नवखे लोक गाठीशी भांडतात. काका भांडत नसत. "तिच्या दारात उभं राहायचं," म्हणत. "तिला वाटलं की ती आपणहून उघडते." आणि कुणी फारच वाहवा करायला लागलं, तर ते हात पुसत सांगत, "मालिश म्हणजे जादू नव्हे. मोडलेलं हाड ह्याने जुळत नाही. आखडलेलं सुटतं, झोप लागते, दुखणं थोडं हलकं होतं. आणि माणसाला कळतं की आपल्याला कुणीतरी मायेने हात लावला. तेवढंच. पण तेवढंही बऱ्याच जणांना कुठे मिळतं?"

मी ह्या सगळ्याचा साक्षीदार. माणसाचा चेहरा खालून बघणारा जगात मी एकटाच असेन. वरून बघणाऱ्याला चेहरा सावरून दाखवता येतो. भोकातून खाली लोंबणारा चेहरा खरा असतो. मला गर्व होता, खोटं कशाला सांगू? मला वाटे, ह्या खोलीत जे दुखतं ते सगळं मला कळतं.

काकांची लेक मोठी झाली आणि बापाचंच काम शिकायचं म्हणाली. त्यासाठी वर्षभर एका संस्थेत जाऊन रीतसर शिकून आली. येताना सगळे स्नायू लाल रंगात काढलेला एक मोठा तक्ता आणला आणि भिंतीवर लावला. काकांनी तो डोळे बारीक करून बघितला.

"बरा आहे माणूस. पण ह्याला गुदगुल्या होत नाहीत."

"बाबा, हा तक्ता आहे."

"तेच म्हणतोय मी."

पण तिचा हात पहिल्यांदा माझ्यावरच्या माणसाला लागला, तेव्हा मला कळलं की हा हात त्याच झाडाचा. संस्थेत काहीही शिकवोत, तिने आधी उलटाच हात टेकवला. काका दाराशी उभे होते. शेगडीवर तेल तापलेलं नसतानाही उगाच ते हलवत राहिले.

आता पुढचं.

सव्वा वर्षापूर्वीची गोष्ट. काकांना साखरेचा आजार बरीच वर्षं होता. गोळी कधी घेत, कधी विसरत. त्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. ते हात झटकत आणि पुन्हा कामाला लागत. मग मुंग्या थांबल्या. लेकीला त्यांनी सांगितलं, "बघ, गेल्या आपोआप." मुंग्या गेल्या नव्हत्या, मित्रांनो. बोटंच गेली होती. एकदा त्यांनी शेगडीवरून तेलाची वाटी चिमट्याशिवाय उचलली आणि शांतपणे आणून माझ्या कडेला ठेवली. वाटी टेकली तिथे माझ्या लाकडाला डाग पडला, तो अजून आहे. काकांनी तो डाग बघितला. मग स्वतःची बोटं बघितली. दुसऱ्या दिवशी बोटांवर फोड होते, आणि लेकीने विचारलं तर म्हणाले, "अगं, चहा सांडला."

मला कळलं, कारण त्या दिवसापासून त्यांनी उलटा हात टेकवणं सोडलं. टेकवून उपयोग काय? तो आता काहीच सांगत नव्हता. ओवीही थांबली. तिच्या जागी बडबड आली. माणूस माझ्यावर पडला की काका हवापाण्याच्या गप्पा काढत आणि बोलता बोलता थेट तेल लावत. किती जोर पडतोय हे बोटांना समजत नसल्याने ते आणखी जोर लावत. माझे चारही पाय कुरकुरत. आणि गंमत बघा, लोक खूश! "काका, आजकाल हात काय बसतोय तुमचा! तरुण झालात." काका हसत. शिंप्याची वहिनी मात्र एकदा भोकातून खाली बघत दात आवळून पडली होती, तिच्या डोळ्यांतून दोन थेंब खाली पडले. उठल्यावर तीही म्हणाली, "छान वाटलं." भिडेपोटी माणसं काय काय सोसतात, ते फक्त खालून दिसतं.

काकांच्या मनात काय चाललं होतं, ते मी सांगू शकतो. कामाच्या आधी खोली रिकामी असताना ते माझ्या फळीवर हाताची मागची बाजू टेकवून उभे राहत. डोळे मिटून. मी उन्हाच्या बाजूला तापलेला असे आणि सावलीच्या बाजूला गार. ते एकदा इकडे हात ठेवत, एकदा तिकडे. मग डोळे उघडून हात खिशात घालत. ह्या हातांशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं. हे हात गेले हे एकदा तोंडातून निघालं, की मग ते कोण उरणार होते? म्हणून त्यांनी ते तोंडातून निघूच दिलं नाही.

एका दुपारी माझा सुतार आला. म्हातारा झालेला, काठी टेकत, नाक तेवढं तसंच. शिडीवरून पडून त्याचा पाय मोडला होता. सहा आठवडे प्लास्टर होतं, ते काढून चार दिवस झाले होते. लेक कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेलेली.

"बघ बाबा, पोटरी कशी दगड झालीय," तो माझ्यावर चढत म्हणाला. "सुजलीय पण. प्लास्टर काढल्यावर सुजतंच म्हणतात. जरा मोकळी कर."

"पड. आत्ता करतो."

तो माझ्यावर पालथा पडला आणि माझ्या भोकात, चौतीस वर्षांत पहिल्यांदा, कुणाचातरी चेहरा नीट बसला. पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. त्याचा डावा पाय माझ्या फळीवर टेकला होता आणि तो तापलेला होता. उजवा नव्हता. डावी पोटरी फुगून तुकतुकीत झाली होती. मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. चौतीस वर्षं जो प्रश्न काका प्रत्येकाला विचारत आले, त्याचं उत्तर माझ्या फळीवर पडलं होतं, आणि काका तेल हातावर घेत म्हणत होते, "हवा काय तापलीय रे यंदा!"

विचारा, काका. एकदा उलटा हात लावा. मी असं म्हणालो असतो, पण बाकाला तोंड नसतं. भोक असतं.

त्यांनी घोट्यापासून वर अंगठे ओढले. एकदा. दोनदा. सुतार कण्हला. "हं, तिथेच आहे." तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

लेक रिकामी बादली घेऊन आत आली, आणि दारातच थबकली. मग झपाट्याने पुढे होऊन तिने उलटा हात डाव्या पोटरीला लावला, मग उजव्या, पुन्हा डाव्या.

"बाबा, हात काढा."

"काय झालं?"

"हात काढा आधी. सुतारकाका, पाय हलवू नका. असेच पडून राहा. ह्या पायाला मालिश करायची नाही, दवाखान्यात जायचं."

"आत्ताच तर आलो दवाखान्यातून!" सुतार भोकातून म्हणाला.

"हा पाय गरम आहे बाबा. दुसरा नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळली आणि ती सुटून वर गेली तर..."

"मला शिकवतेस?" काकांचा आवाज चढला. मी तो आवाज पूर्वी ऐकलाच नव्हता. "तू रांगत होतीस तेव्हा मी ह्याची पाठ सोडवलीय."

"मग तुम्हीच सांगा ना. लावा उलटा हात."

काकांनी हात पुढे केला. डाव्या पोटरीला टेकवला, उजव्या पोटरीला टेकवला. एक शब्द बोलायचा होता फक्त. मला वाटलं, बोलतील.

"सारखेच आहेत दोन्ही," काका म्हणाले.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. ती रडली नाही, भांडली नाही. फार हळू म्हणाली, "बरं. मग पोटरी राहू द्या, ह्यांच्या पाठीला जरा शेक देते. गरम पंचा द्या मला."

भिंतीशी झाकणाचे ते दोन डबे होते. एकात कोमट पाण्यात पिळलेले पंचे, एकात गार पाण्यातले. लेकीने सकाळी फरशी पुसताना त्यांच्या जागा बदलल्या होत्या, मुद्दाम नव्हे, पुसताना बदलतात तशा. काकांनी सवयीच्या बाजूचा डबा उघडला, पंचा उचलला, दोन्ही हातांत धरून आणला आणि तिने हात पुढे करण्याआधीच सुताराच्या उघड्या पाठीवर पसरला.

"आई गं!" सुतार केवढ्याने किंचाळला. "बर्फ टाकलास का रे? म्हणे गरम पंचा!"

तो हसत होता. एकटाच. मग त्याला कळलं की आणखी कुणी हसत नाहीये. त्याने भोकातून तोंड काढलं आणि मान वळवून काकांकडे बघितलं. काका आपल्या दोन्ही हातांकडे बघत उभे होते. हातांतून गार पाणी ठिबकत होतं.

"कधीपासून बाबा?" लेकीने विचारलं.

"सात महिने."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत."

"कुणाला सांगू? सांगून काय..." मग एकदम म्हणाले, "मी दाबलं त्याला. चार वेळा दाबलं. पोरी, गाडी बोलाव."

आमची गल्ली अरुंद. गाडी तोंडाशीच थांबते. सुताराला चालू द्यायचं नव्हतं. लेकीने शिंप्याला हाक मारली, समोरच्या सायकलवाल्याला हाक मारली, आणि चौघांनी मला सुतारासकट उचललं. असा मी बाहेर पडलो, मित्रांनो. पहिल्यांदाच आभाळ बघितलं, पण बघण्यासारखं मन नव्हतं. दारातून काढताना काकांच्या हातून माझी बाजू सुटली. त्यांना पकड समजली नाही. माझा डावा पाय चौकटीवर जोरात घासला आणि कडेचं लाकूड चिरफाळलं. एक ढलपी उडाली. ती कुठे पडली, ते कुणी बघितलं नाही. मीही नाही.

गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत सुताराला धाप लागली. तो माझी कड घट्ट धरून म्हणाला, "छातीत टोचतंय रे." काका त्याच्या बाजूने धावत होते, अनवाणी, आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "बोलू नकोस. बोलू नकोस."

त्याला गाडीने नेलं आणि मला परत खोलीत आणून ठेवलं. गुठळीचा तुकडा वर फुप्फुसात गेला होता. सुतार बारा दिवस दवाखान्यात होता, त्यातले पहिले चार दिवस कुणी काही सांगत नव्हतं. तो वाचला. डॉक्टरांना काकांनी विचारलं, "माझ्या दाबण्याने झालं का?" डॉक्टर म्हणाल्या, "तो तुकडा आधीच सुटला असेल किंवा तेव्हा सुटला असेल. कुणीच सांगू शकणार नाही." काका हे वाक्य घरी घेऊन आले आणि माझ्याशेजारी स्टुलावर बसले. रोज येऊन बसत. त्यांच्याकडे ते एक वाक्य होतं, आणि त्याची कुठलीच बाजू गरम लागत नव्हती की गार.

खोलीतलं काम बंदच राहिलं. माझ्यावर धूळ बसली, कुणीतरी छत्री ठेवली, कुणीतरी रिकामे डबे. लेक लोकांच्या घरी जाऊन काम करी. टपालवाले एकदा दारातून डोकावले आणि परत गेले. काका अनवाणी खोलीत फिरत. तेलाच्या फरशीवर चपला आणायच्या नाहीत हा त्यांचाच नियम. पाच आठवडे ते असे फिरत होते, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून माझ्यापर्यंत.

मग एका सकाळी काठी ठक ठक करत सुतार आला. बगलेत हत्यारांची पिशवी.

काका उठून उभे राहिले. सुताराने त्यांच्याकडे बघितलंच नाही. वाकून माझा डावा पाय तपासला.

"ही काय दशा केलीस माझ्या बाकाची! एवढी ढलपी उडालीय. कुठे गेली ती?"

"झाडलोटीत गेली असेल," लेक म्हणाली.

"सापडली असती तर चिकटवली असती. माझं लाकूड आहे ते." मग तो काकांकडे वळला. "काय रे, बोलत का नाहीस?"

"काय बोलू? मी तुला..."

"मेलो का मी?"

"नाही."

"मग झालं. पण एक सांगतो. तू हात गेल्याचं लपवलंस ना, त्याचा राग आहे मला. तो राहील थोडे दिवस. प्लास्टरचा नाही, गुठळीचा नाही, त्याचा." त्याने माझ्या पायाला पाचर मारली, वर हात ठेवून मला हलवून बघितलं. "आता वजन पेलतो का बघायला हवं. मी चढणार नाही, मला डॉक्टरने बजावलंय. तू चढ."

"मी?"

"नाहीतर कोण, तो तक्त्यातला चढणार?"

चौतीस वर्षांत मला गावभराची वजनं पाठ झाली होती. काकांचं वजन मला माहीत नव्हतं. ते कधी माझ्यावर पडलेच नव्हते. लेकीने छत्री आणि डबे बाजूला केले, पंचा पसरला. काका कसेबसे चढले आणि पालथे झाले. किती हलके होते! त्यांनी भोकात तोंड घातलं.

"अरे," खालून त्यांचा आवाज आला, "हे भोक केवढं आहे! माझे कान चेपतायत. इतकी वर्षं सगळे असेच पडत होते? कुणी बोललं कसं नाही?"

"मला तर बरोबर बसतं," सुतार म्हणाला.

लेक हसली. पाच आठवड्यांत त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं. तिने तेल घेतलं नाही. उलटा हात बापाच्या पाठीला टेकवला, आणि नकळत तीच ओवी तिच्या ओठांवर आली. उलट्या हाताने पुसते, कुठं दुखं तुझ्या जिवा. डावा खांदा, उजवा खांदा. डावी पोटरी, उजवी पोटरी. उजवा तळपाय. डावा तळपाय.

ओवी थांबली.

तिने हात उचलला आणि पुन्हा टेकवला. मलाही तेव्हाच जाणवलं. डावी टाच निखाऱ्यासारखी तापली होती.

"बाबा, इथे काय झालंय?"

"कुठे?" काकांनी विचारलं.

टाचेवरची कातडी जुळून आली होती, आत काळी रेघ होती आणि भोवती सगळं लाल, घोट्यापर्यंत. सुतार काठी टेकत जवळ आला. वाकला.

"माझी ढलपी," तो म्हणाला.

ती माझी होती, मित्रांनो. माझ्याच पायाची. ह्या खोलीत दुखतं ते सगळं मला कळतं म्हणणारा मी, आणि मीच त्यांच्या टाचेत पाच आठवडे रुतून बसलो होतो. ते माझ्याभोवती फेऱ्या घालत होते, आणि मला त्यांच्या पावलांचा नुसता आवाज ऐकू येत होता.

डॉक्टरांनी ती काढली. साखरेने हातांच्या आधी पायच बधिर झालेले असतात, हेही त्यांनी सांगितलं. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर टाच वाचली नसती, म्हणाल्या. जखम भरायला अडीच महिने लागले. काका आता खोलीत मऊ चपला घालतात, नियम मोडला. गोळी लेकीसमोर घेतात. मालिश करत नाहीत. बोटं परत आली नाहीत, येतील असंही कुणी सांगत नाही. काही दिवस ते दारात बसतात, काही दिवस तेवढंही होत नाही. लेक कामाला लागली की ते तिच्या हातांकडे बघत असतात, आणि ती घाईत असली तर दारातूनच म्हणतात, "विचारलंस का आधी?"

माझ्यावर आता तिची माणसं पडतात. भोकाच्या कडेला सुताराने जाड कापडाची गादी ठोकून दिली आहे. कान चेपत नाहीत.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमचं अंग दुखलं तर चांगल्या हातांकडे जा, आणि जोर जास्त होतोय वाटलं तर भिडेला बळी न पडता सांगा. पण तुमच्या घरात कुणीतरी असेल, जे सगळ्यांची डोकी चेपतं, पाय दाबतं, ताप बघतं, आणि स्वतः कधी बाकावर पडत नाही. त्याला एकदा आग्रहाने पाडा. त्याच्या पाठीला, हातांना, तळपायांना तुमचा उलटा हात लावा, आणि विचारा. ते "कुठे?" म्हणालं, तर हात तिथेच राहू द्या.